वल्ह्याला लावलेला कान

"ह्यो माणूस बर्फावर कित्याक बसलोहा?"

आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दिगूकाका मालंडकर यांनी मी आणलेलं माहितीपत्रक अगदी नाकाजवळ धरलं होतं. चित्रात एक गोरा माणूस गोठलेल्या तळ्यावर खुर्ची टाकून बसला होता. पायाशी बर्फाला पाडलेलं भोक, भोकात सोडलेली वायर आणि मांडीवर एक छोटा पडदा.

"थंड देशांत तळी गोठतात, काका. मग बर्फाला भोक पाडून मासे धरतात. हे यंत्र तिथंही चालतं आणि होडीवरही चालतं."

"म्हणजे बघा," काका ओसरीवरच्या लोकांकडे वळले, "आमी मासे धरतो आणि मगे बर्फात घालतो. हे आधी स्वतःच बर्फात बसतत!"

ओसरी खदखदून हसली. कोपऱ्यातल्या पायरीवर माझे बाबा बसले होते. तेही हसले, पण सगळ्यांच्या नंतर. बाबांच्या होडीवरचा बाबलआबा मात्र हसला नाही. तो बाबांच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

या गोष्टीला आता सहा वर्षं होऊन गेली. रत्नागिरीत होड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात मी तेव्हा कामाला होते. इंजिनाचे सुटे भाग, दोर, बोयरे आणि पाण्याखालचे मासे दाखवणारी यंत्रं. सोसायटीला असं एक यंत्र घ्यायचं होतं आणि मी दोन घेऊन आले होते. त्यांतलं कुठलं घ्यायचं, हे त्या दिवशी ठरायचं होतं. गाव माझंच, कातळबंदर. पण विकायला उभी राहिले की माझी मालवणी आपोआप पुस्तकी होते आणि गाववाले तेवढ्यावरूनही माझी टिंगल करतात.

"हे साधं," मी पहिल्या यंत्रावर हात ठेवला. "मोठ्या ट्रॉलरवर असतं तसलं. होडीखालून जे गेलं त्याची रेघ काढत जातं. म्हणजे होऊन गेलेलं दाखवतं. आणि हे दुसरं थेट दाखवतं. याचा डोळा दांड्याला बांधून पाण्यात सोडायचा आणि हव्या त्या दिशेला फिरवायचा. वीस-पंचवीस वावांपर्यंत आत्ता, या घडीला काय हलतंय ते पडद्यावर दिसतं."

"आणि जनूच्या कानाचा काय करूचा?" मागून कोणीतरी विचारलं. सगळे बाबांकडे बघू लागले.

खरा प्रश्न तोच होता. कातळबंदरात कोयंड्यांच्या घरात कान आहे असं म्हणतात. घोळ मासा थव्यानं आला की पाण्याखाली डुरकतो. घोळ सापडली तर आमच्याकडे वर्ष निघतं. म्हणून मोसमात सगळ्या होड्या एका जागी इंजिनं बंद करून थांबतात. पुढं फक्त एक लहान होडी जाते. तिच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, होडीचे तांडेल म्हणजे म्होरके, माझे बाबा जनार्दन कोयंडे, आणि मागं सुकाणूवर बाबल. बाबा वल्हं उभं पाण्यात सोडतात आणि त्याच्या मुठीला कान लावतात. मासा नसेल तर उघडा पंजा वर, असेल तर वल्हं वर. वल्हं वर झालं की सातही होड्या जाळी घेऊन धावतात. ते वल्हं माझ्या पणजोबांचं. त्याला कोयंड्यांशिवाय कोणी कान लावत नाही.

हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले होते, पाहिलं मात्र कधीच नव्हतं. आमच्याकडे बाईमाणूस मासेमारीच्या होडीत पाय ठेवत नाही.

आता माझ्या मनातलं सांगते, कारण ते लपवून ही गोष्ट सांगता येणार नाही. त्याच्या तीन वर्षं आधी माझा नवरा मला सोडून गेला. ज्या संध्याकाळी गेला त्या संध्याकाळी मी घरी फोन लावला. आई देवळात गेली होती, फोन बाबांनी उचलला. मी हुंदके देत म्हणाले, "बाबा, सुहास माका सोडून गेलो. परत येवचो नाय म्हणता. मी आता काय करू?" पलीकडून मग बाबांचा मोठा, मजेतला आवाज आला, "बरा, बरा! जेवलंस मां? थय बांगडे बरे गावतत मां?"

मी फोन ठेवून दिला. राहायला घरी काही परतले नाही. पुढं आईनं त्यांना सगळं सांगितलं असणार, पण माझ्या मनात ते 'बरा, बरा' काट्यासारखं रुतून बसलं. त्या दिवसापासून मी बाबांशी धड बोलले नव्हते. ते काही विचारत, मी दुसरीकडे बघत एका शब्दात उत्तर देई. ज्या माणसाला पोटच्या मुलीचं रडणं ऐकू आलं नाही, त्याच्या कानाचा गाव एवढा उदो उदो करतं, याची मला चीड यायची. यंत्र मला विकायचं होतंच. पण त्याहून जास्त मला बाबा एकदा तरी सगळ्यांसमोर चुकायला हवे होते. त्यांनी एकदा मान खाली घालावी, मला सॉरी म्हणावं आणि मग मी त्यांच्याशी बोलावं, असलं काहीतरी मनात होतं. चाळिशीकडे झुकलेली बाई इतकी पोरकट असू शकते यावर माझाच आता विश्वास बसत नाही.

"परीक्षाच घेऊ," मी म्हणाले. "दोन्ही यंत्रं एका होडीत. कान दुसऱ्या होडीत. कोण खरं ते सगळ्यांनी बघा."

दिगूकाकांना ही कल्पना एकदम आवडली. त्यांनी बाबांच्या समोर जाऊन, हातवारे करत, खणखणीत आवाजात ती पुन्हा सांगितली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या बंदरावर सगळेच बोंबलून बोलतात. जन्मभर इंजिनाशेजारी बसलेली माणसं, हळू बोलायचं कसं हेच विसरलेली. बाबा काकांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "चला. माझी ना कित्याक?"

"एक अडचण आहे," मी म्हणाले. "थेट यंत्राचा दांडा धरायला हात स्थिर हवा. जरा हलला की चित्र हललं. बाबलआबासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही. आबा आमच्या होडीत बसू दे."

बाबल ताडकन उठला. "मी जनूच्या होडयेत बसतंय. चाळीस वर्सां बसतंय."

"आजचो एक दिवस, आबा."

"नको गो बाय. दुसऱ्या कोणाक घे. माझो हात आता थरथरता."

"खंय थरथरता? कालच सुयेत दोरो ओवलास मां माझ्यासमोर!"

लोक हसले. बाबलचा चेहरा उतरला. हा माणूस मूळचा मासेमार नव्हे. डोंगराकडच्या गावातून आमच्या आजोबांकडे गुरं राखायला आला आणि हळूहळू बाबांच्या होडीत शिरला. त्यानं कधी कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, यंत्राला घाबरतो बिचारा.

"काय झाला?" बाबांनी विचारलं.

दिगूकाकांनी सांगितलं, "तुझ्या चेडवाक बाबल व्हयो दांडो धरूक. तू एकटो जाशीत मां?"

बाबांनी बाबलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी नजर अर्थातच दुसरीकडे होती. ओसरीवर तीसेक माणसं त्यांच्या उत्तराची वाट बघत होती. "जातंय," ते म्हणाले. "दर्या काय माका नवो?"

दुपारी चारला आम्ही निघालो. दसरा तोंडावर आला होता आणि समुद्र तेलासारखा संथ होता. मोठ्या होडीत आम्ही सातजण होतो. दिगूकाका, चार तांडेल, बाबल आणि मी. यंत्र वाचता येणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून काकांनी एका दिवसापुरता रिवाज बाजूला ठेवला होता आणि निघताना माझ्या हातून समुद्रात नारळ सोडायला लावला होता. बाबांची लहान होडी दोरानं मागून येत होती. ते नाळेवर ताठ बसले होते, मांडीवर आडवं वल्हं. एवढा रुबाब, की मला पुन्हा राग आला.

पहिली जागा समुद्रातल्या खडकांच्या, खडपाच्या दक्षिणेला. इंजिन बंद झालं. बाबा वल्हवत वीसेक वाव पुढं गेले, वल्हं उभं पाण्यात सोडलं आणि वाकून कान लावला. आमच्या होडीत कोणी खोकलंसुद्धा नाही. इतक्यात साध्या यंत्रावर एक जाड रेघ उमटू लागली, लांबच लांब.

"अगे बाबौ!" दिगूकाका कुजबुजले. "केवढो मोठो मासो!"

"मोठा नाही, काका. होडी उभी आहे आणि खाली एकच लहान मासा उभा आहे. तो हलत नाही म्हणून रेघ वाढते. हे बघा." मी थेट यंत्राकडे बोट केलं. तिथं होडीखाली वीतभर ठिपका एकटाच डुलत होता. बाकी पाणी रिकामं. एक तांडेल तोंडावर हात ठेवून हसला, कारण ट्रॉलरवर नोकरी करताना अशाच रेघेवर त्यानं तीन वेळा जाळं टाकलं होतं.

बाबांनी डोकं उचललं. आमच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. दांडा धरून उभ्या असलेल्या बाबलनं मान किंचित हलवली. मग बाबांनी उघडा पंजा वर केला. मासा नाही.

"बरोबर!" काकांनी मांडीवर थाप मारली. "कान आणि मशीन, दोघांचाय एकच!"

मी मनातून खट्टू झाले. बाबल माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसला. "झाली मां परीक्षा? आता जावया घराक."

"अजून एक जागा," मी म्हणाले.

दुसरी जागा उत्तरेला, नदीचं पाणी समुद्राला मिळतं तिथं. यावेळी मी दांडा पुढच्या बाजूला, केबिनच्या आडोशाला बांधून घेतला, कारण उन्हाची तिरीप पडद्यावर येत होती. बाबलला खाली बसवलं. तिथून त्याला बाबा दिसत नव्हते आणि बाबांना तो दिसत नव्हता. हे मी मुद्दाम केलं नाही. पण केलं मीच.

बाबा पुढं गेले. वल्हं पाण्यात सोडलं. मी यंत्राचा डोळा त्यांच्या दिशेनं फिरवायला लावला आणि पडद्यावर त्यांची होडी दिसू लागली, पाण्याखालून, एक काळसर फुगीर आकार. त्याच्या टोकापासून खाली उतरलेली एक बारीक उजळ काडी. ते वल्हं होतं. मला क्षणभर गंमत वाटली. बाबांचं वल्हं मी पहिल्यांदा बघत होते ते असं, पाण्याच्या पोटातून.

मग पडद्याच्या डाव्या कडेला दाणे दिसू लागले. पाच, दहा, मग मोजता येईनात. हातभर लांबीचे, जाड, हळूहळू पुढं सरकणारे.

"काका," मी पडद्यावर बोट टेकवलं. "घोळ."

सगळे पडद्यावर ओणवे झाले. थवा सरळ बाबांच्या होडीकडे चालला होता. तेवढ्यात चित्र थरथरू लागलं. मी बघितलं तर बाबलनं दांडा गालाशी धरला होता, डोळे मिटले होते आणि त्याचा उजवा पाय फळीवर थाप देत होता. थप, थप, थप.

"आबा, पाय हलवू नकोस! चित्र हलता!"

त्याचा पाय थांबला नाही. मी खाली वाकून त्याचा घोटा धरला. हातात धरून ठेवला. तो पाय माझ्या मुठीत थरथरत राहिला आणि बाबल डोळे मिटूनच म्हणाला, "सोड गो. सोड माका."

आणि मग आवाज आला. आधी मला वाटलं कुणाचं तरी पोट गुरगुरतंय. पण तो खालून, फळ्यांतून येत होता. गुर्र, गुर्र, गुर्र, बेडकांसारखा, पण जाड. उघड्या हवेत ऐकू येईल इतका. शेकडो घोळी एकदम डुरकत होत्या. तांडेलांची तोंडं उघडी पडली. एक म्हणाला, "बापाशपथ, असो आवाज कधी आयकलेलो नाय." वल्ह्याला कान लावायची गरजच उरली नव्हती. अख्खी होडी बोलत होती.

पडद्यावर थवा बाबांच्या वल्ह्यापाशी पोचला होता. दाणे त्या उजळ काडीच्या दोन्ही बाजूंनी चालले होते, काही तिला जवळजवळ घासून.

"आता वल्हां वर करतलो," दिगूकाका म्हणाले. सगळ्यांनी जाळ्याला हात घातला. मीसुद्धा परीक्षा विसरून बघत होते.

बाबांनी आमच्याकडे पाठ ठेवूनच, कान वल्ह्याला लावलेलाच, डावा हात वर केला. उघडा पंजा.

मासा नाही.

आम्हांला वाटलं, चुकून केलं. पंजा खाली येईल. तो आला नाही. पायाखाली होडी डुरकत होती आणि बाबा शांतपणे पंजा दाखवत होते.

"जनू!" दिगूकाका ओरडले. "अरे खाली हत ते! तुझ्या बुडाखाली!"

बाबा हलले नाहीत. चारही तांडेल ओरडू लागले. मग मी ओरडले. बाबा! बाबा! वीस वावांवर माझा बाप पाठमोरा बसला होता आणि मी घसा फुटेस्तोवर ओरडत होते. त्यांच्या मानेची एक शीर हलली नाही. किनाऱ्यावर कोणाला तरी आमची बोंब ऐकू गेली, असं नंतर कळलं. बाबांना नाही.

माझ्या हातातून बाबलचा पाय कधी सुटला ते मला आठवत नाही.  मी पडद्याकडे पाहिलं, पुन्हा बाबांकडे पाहिलं. एकेक करत सगळ्यांचं ओरडणं थांबलं.  सगळ्यांना एकाच वेळी कळलं आणि कोणालाच ते कळायला नको होतं.

मग बाबा वळले. पंजा अजून वरच. त्यांनी आमचे चेहरे एकेक करून पाहिले. माझ्या चेहऱ्यावर येऊन ते थांबले. हात हळूहळू खाली आला. त्यांनी वल्हं पाण्यातून काढलं, होडीत आडवं ठेवलं आणि हातांच्या ओंजळीनं पाणी मागं लोटत, वल्ह्याला न शिवता, आमच्याकडे येऊ लागले. शेवटी आम्हीच दोर फेकून त्यांना ओढून घेतलं.

"जनू," दिगूकाका म्हणाले, "तुका आयकाक नाय इला?"

बाबा त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. उत्तर बाबलनं दिलं. तो अजून केबिनच्या आडोशाला बसलेला होता.

"तेका काय्यक आयकाक येणा नाय. सात वर्सां झाली."

"सात वर्सां? मगे सात वर्सां आमी कोणाच्या कानार जाळी टाकतो?"

"माझ्या," बाबल म्हणाला. "सुकाणूचो दांडो गालाक लावतंय. आवाज इलो की पायान फळयेर ठोकतंय. जनूक अंगाक कळता."

"सात वर्सां आमका फसवलास!" एक तांडेल ओरडला.

"मासो गावलो नाय काय?" बाबलचा आवाज पहिल्यांदाच चढला. "गावलो मां? मगे? आणि मी सांगलंय असता तर तुमी इलास असतास? गुरां राखूक इलेल्याच्या कानार? बोला!"

तांडेलांनी जाळ्यावरचे हात काढून घेतले. जाळं टाकायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. थवा डुरकत डुरकत खाडीच्या दिशेनं निघून गेला.

बाबा मोठ्या होडीत चढले आणि माझ्या शेजारी, थेट यंत्रासमोर बसले. पडद्यावर शेवटचे काही दाणे अजून दिसत होते. त्यांनी बोट पुढं करून एका दाण्याचा पाठलाग केला, तो कडेला जाऊन दिसेनासा होईपर्यंत. मग मला विचारलं, "आवाज येता काय हेका?"

मी मान हलवली. नाही.

"मगे बरा," बाबा म्हणाले. "ह्याच घेवा. आता तुमी सगळे माझ्यासारखेच झालास."

आणि ते हसले. एकटेच. दिगूकाकांनी तोंड फिरवलं. पुढच्या महिन्यात सोसायटीनं तेच यंत्र घेतलं आणि दांडा धरायला बाबलला बसवलं. पण त्या संध्याकाळी यंत्राचं कोणी नावही काढलं नाही. किनाऱ्यावर उतरताना मला हात बाबलनं दिला.

घरी आई चुलीपाशी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. मी तिच्यासमोर बसले आणि एकच विचारलं, "माका कित्याक सांगूक नाय?"

"तेंनी शपथ घातल्यानी. कान गेलो म्हणान कळला तर वल्हां जाता आणि वल्हां गेला तर बाबल खंय जातलो? समोर बसान बोलला तर तेंका तोंडावरसून कळता. मी समोर बसतंय, एवढाच."

"आणि फोन?"

आईनं उलथणं खाली ठेवलं. "फोन थरथरलो की ते उचलत आणि आपलाच बोलत. काय बोलूचा ता पाठ करून ठेवलेला. 'बरा, बरा, जेवलंस मां, बांगडे गावतत मां.' पलीकडे तू आसस, इतक्या नंबरावरसून कळा. तेतूनच खूश होयत."

मी तिथंच भिंतीला टेकले. तीन वर्षं मी एका पाठ केलेल्या वाक्यावर रागावून बसले होते. आणि घरी आले की त्या माणसाशी तोंड फिरवून बोलत होते. तोंडच फिरवत होते. ते दर वेळी काहीतरी विचारायचे आणि माझ्या मानेकडे बघत उत्तराची वाट बघायचे. त्या रात्री मला झोप लागली नाही हे सांगायला नको.

सकाळी बाबा माडाखाली जाळं पसरून फाटलेले डोळे शिवत बसले होते. मी जाऊन त्यांच्या अगदी समोर बसले. त्यांनी वर पाहिलं आणि सुई थांबवली. बहुतेक त्यांना वाटलं, मी यंत्राबद्दल काही बोलणार.

"बाबा," मी ओठ नीट हलवत, हळूहळू म्हणाले, "सुहास गेलो त्या दिवशी मी तुमका फोन केललंय."

ते थोडे पुढं सरकले.

"आये घरात नव्हती. तुमीच फोन उचललास. मी रडत होतंय. मी म्हटलंय, 'बाबा, सुहास माका सोडून गेलो. मी आता काय करू?'"

त्यांच्या हातातली सुई जाळ्यात पडली. ती त्यांनी शोधली नाही. त्यांनी विचारलं, "आणि मी काय म्हटलंय?"

मी आदल्या दिवशी अख्ख्या गावासमोर खरं काय ते दाखवायला निघालेली बाई होते. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला ते सांगवेना.

"तुमी म्हटलास, 'घराक ये.'"

बाबा कितीतरी वेळ माझ्या ओठांकडे बघत होते, मी आणखी काही बोलते का म्हणून. मग त्यांनी आपला खरखरीत पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि अगदी हळू, त्यांना स्वतःलाही कल्पना नसेल इतक्या हळू आवाजात विचारलं,

"मगे तू येवक कित्याक नाय, बाय?"